ई४६ एम३: कमी धावलेली एसएमजी घेऊ की जास्त धावलेली मॅन्युअल?

वळणवाट

नमस्कार. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत आले, आता गाडी घ्यायची वेळ आली आहे. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ कूपेच घ्यायची हे पक्कं आहे. शाळेत असताना एकदा ही गाडी माझ्या शेजारून वरच्या आरपीएमला गेली होती. तो आवाज अजून कानात आहे.

दोन गाड्या समोर आहेत. पहिली २००५ ची, ५८,००० किमी झालेली, एसएमजी गिअरबॉक्सची (क्लच पेडल नाही, क्लचचं काम यंत्रणाच करते). रंग आरशासारखा. सर्व्हिस बुकातला शेवटचा शिक्का २०१४ चा. त्यापुढचं मालक तोंडी सांगतात, "गाडी उभीच असते, काही करायची वेळच आली नाही."

दुसरी २००२ ची, सहा गिअरची मॅन्युअल, १,४६,००० किमी. बंपरवर खडे लागून रंग उडालाय, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड फाटलीय. पण सोबत बिलांची जाडजूड फाइल आहे, आणि १,१०,००० किमीला कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांची) बेअरिंग बदलल्याचं बिलही त्यात आहे.

आजवर मी फक्त पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक चालवली आहे. घरचे सगळे म्हणतात पहिली घे. मला दुसरी आवडते, पण एवढं धावलेलं इंजिन बघून धीर होत नाही. शनिवारी दोन्ही बघायला जाणार आहे. नेमकं काय बघू?

सपाटसहा

हॅचबॅकवरून थेट ३४३ हॉर्सपॉवर? त्याआधी टोयोटा ८६ चा विचार केलात का? २ लिटर, २०० हॉर्सपॉवर, ताकद मागच्याच चाकांना, आणि वजन एम३ पेक्षा बरंच कमी. मागच्या चाकांची भाषा शिकायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही. फक्त २०१२-१३ च्या गाड्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसाठी कंपनीने परत बोलावल्या होत्या. त्यातली असेल तर ते काम झालंय का आणि कोणी केलंय हे आधी विचारा.

तेलकाठी

८६ चांगलीच आहे, पण ज्याला तो आवाज हवाय त्याचं ८६ घेऊन समाधान होणार नाही. मी एम३ बद्दलच लिहितो. २००३ ची मॅन्युअल अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

आधी किलोमीटरचा आकडा मनातून काढून टाका. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९१ मिमी आहे आणि ते ८,००० आरपीएमपर्यंत फिरतं. हिशोब केलात तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जातो. हा सगळा भार रॉडची बेअरिंग झेलतात. सुरुवातीच्या गाड्यांची बेअरिंग बदलून देण्याची मोहीम कंपनीनेच काढली होती. नंतरच्या गाड्या त्यातून सुटल्या, तरी बेअरिंग हा झिजणाराच भाग आहे. म्हणून १,१०,००० ला बेअरिंग बदललेली गाडी मला ५८,००० ची मूळ बेअरिंगवाली आणि दहा वर्षं कागद नसलेली गाडी यापेक्षा जवळची वाटते. फाइलमध्ये १० डब्ल्यू-६० ऑइलची बिलं शोधा, आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) तपासल्याची नोंद शोधा. या इंजिनात ते हाताने, शिम (पातळ चकत्या) बदलून जमवावं लागतं. ज्याने ते वेळच्या वेळी करून घेतलंय त्याने बाकीचंही सहसा केलेलं असतं.

गाडी थंड असतानाच बघा. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. सुरू केल्यावर आरपीएमच्या काट्याभोवतीचे पिवळे दिवे बघा. ऑइल थंड असताना ते खालपासून लागलेले असतात आणि तापेल तसे एकेक करून विझतात. मालक तुम्हाला फिरवून आणायला निघाले, तर दिवे विझेपर्यंत ते धीर धरतात का, यावर लक्ष ठेवा. गाडी इतकी वर्षं कशी चालवली गेली ते तिथेच कळतं.

वरून शिलाई मशीनसारखी हलकी टिकटिक आली तर घाबरू नका, ती व्हॉल्व्हची. डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड आली तर ते व्हॅनोस असू शकतं. कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी ही यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, आणि एक्झॉस्टकडच्या कॅमच्या हबवरचे दोन छोटे दात तिचा पंप फिरवतात. ते तुटून खाली ऑइल सम्पमध्ये पडल्याची उदाहरणं आहेत. खालून, खोलवरून ठोके आले तर मात्र चावी परत द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बघायला येणारे नेमकं हेच बघत नाहीत. मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांची जोडणी आणि डिफरन्शियल धरणारा सांगाडा) ज्या चार जागी बॉडीला बोल्टने बसतो, तिथला पत्रा या ताकदीच्या मानाने पातळ आहे. ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) एका बाजूला पीळ घेतं, सोडला की दुसऱ्या. वर्षानुवर्षं हे चाललं की स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यासारखे वेल्ड) सुटतात आणि बोल्टच्या भोवती तडा जातो. आरशासारख्या रंगाखालीही हे असू शकतं. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय व्यवहाराचं बोलूच नका. टॉर्च घेऊन चारही जागा बघा. अंडरकोटिंग एखाद्याच जागी ताजं आणि काळंभोर दिसलं तर का ते विचारा. डिकीतला गालिचा उचलून वरूनही बघा. मी माझी गाडी घेताना रॅम्पवर पाऊण तास होतो. मालक कंटाळून आत निघून गेले, मी हललो नाही.

एसएमजीबद्दल एवढंच: आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच आहे, फक्त क्लच आणि गिअर हायड्रॉलिकने चालतात. पंप दमला की गिअरच पडत नाही आणि गाडी जागेवर उभी राहते. बरीच मंडळी शेवटी ती काढून मॅन्युअल करून घेतात. मी आयती मॅन्युअल घेईन.

आणि टायर. पहिल्याच पावसाळ्यात माझी गाडी गोल चौकात दुसऱ्या गिअरमध्ये उलटी फिरली होती. खोबण भरपूर होती, पण टायर नऊ वर्षांचे होते आणि रबर लाकडासारखं झालं होतं. मागचा भाग सुटतोय म्हटल्यावर मी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. त्याने वजन पुढे गेलं, मागची चाकं आणखी हलकी झाली, आणि जे सावरलं असतं ते सावरलं नाही. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. हॅचबॅकमध्ये पाय उचलणं बहुतेक वेळा चालून जातं, इथे पाय हळूच मागे घ्यायचा आणि नजर जायचंय तिकडे ठेवायची. घेतल्यावर आधी एखाद्या मोकळ्या, बंद जागेत, ओल्या जमिनीवर, शिकवणाऱ्याला शेजारी बसवून हे करून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तेवढे वाचा.

रेडलाइन

तेलकाठींशी सहमत, पण मॅन्युअलचाही एक धोका आहे. पाचव्यातून चौथ्यात येताना चुकून दुसरा पडला तर लिमिटर (इंजिनाचा कमाल वेग रोखणारी यंत्रणा) वाचवत नाही. तो फक्त इंधन तोडतो, इंजिनाला तर चाकं फिरवत असतात. पोर्शे केमनच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये अशा ओव्हररेव्हची नोंद टप्प्याटप्प्याने राहते, ती आधी वाचून घेता येते. एम३ साठी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो) या दोन्ही चाचण्या मागा. सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादा वेगळा पडला तर थांबा. चाचणी करणारा मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको.

वळणवाट

शनिवारचं सांगते. पहिल्या गाडीचं बोनेट मी पोचले तेव्हा गरम होतं. "गॅरेजमधून बाहेर काढली ना, म्हणून", असं उत्तर मिळालं. मागच्या टायरवर १११२ होतं, म्हणजे २०१२ चा अकरावा आठवडा. रिव्हर्स टाकताना दोनदा धक्का बसला. रॅम्पला मालकांनी नकार दिला, मग मीही निघाले.

दुसरी गार होती. पहिल्या फिरकीत सुरू झाली, आणि सगळे पिवळे दिवे विझेपर्यंत मालकांनी ३,००० च्या वर काटा नेला नाही. मग चौथ्या गिअरमध्ये त्यांनी तो वर नेला आणि मला तो शाळेतला आवाज पुन्हा ऐकू आला. डोळे भरून आले, खरं सांगते. सहाही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले.

पण रॅम्पवर डाव्या मागच्या बोल्टपाशी तडा दिसला. साधारण ३ सेंटिमीटर, केसासारखा बारीक. मालकांना खरंच माहीत नव्हतं. ते बराच वेळ खाली वाकून बघत राहिले, काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करू. सोडून देऊ का?

तेलकाठी

सोडू नका. तडा सापडला, इंजिन चांगलं निघालं आणि मालक खरं बोलतायत. असे तिन्ही योग एकत्र क्वचितच येतात. माझ्या गाडीतही डिकीच्या बाजूने दोन स्पॉट वेल्ड सुटलेले होते. दुरुस्तीनंतर ती आठ वर्षं नीट चालली आहे.

फक्त काम अर्धवट करू देऊ नका. सबफ्रेम पूर्ण खाली उतरला पाहिजे. पत्रा उघडा पडेपर्यंत रंग आणि सीलर खरवडायचा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग वेल्डिंग. मजबुतीच्या पट्ट्या चारही जागी लावायच्या, तडा एकाच जागी असला तरी. नुसता सीलर भरून काळा रंग मारतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. उघडा पत्रा, वेल्डिंग, पट्ट्या, शेवटचा रंग, प्रत्येक टप्प्याचे फोटो मागून घ्या आणि त्याच जाडजूड फाइलमध्ये लावा.

सबफ्रेम खाली आहेच तर त्याचे बुश (जोडणीतले रबरी आधार), डिफरन्शियलचे बुश आणि वरून जाणारे ब्रेकचे पाइप तेव्हाच बदलून टाका, पुन्हा मजुरी पडत नाही. सगळं बसल्यावर व्हील अलाइनमेंट करा. काम सुरू होण्याआधी किमतीचं आणि वजावटीचं कागदावर लिहून घ्या, म्हणजे मालकांनाही बरं वाटेल.

वळणवाट

लिहून घेतलं, दोघांच्याही सह्या झाल्या. गाडी सोमवारी वेल्डिंगला जातेय. नवीन टायर आधीच मागवले, १९ इंची चाकांना पुढे २२५/३५ की २२५/४०?

तेलकाठी

पुढे २२५/४०, मागे २५५/३५. अभिनंदन.