टर्मिनलमधे कंट्रोल+एस मारलं की विम ठप्प

ठाणे_स्लो:
मंडळी, ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएच करून (म्हणजे दुरून लॉगिन करून) विम हा टर्मिनलमधला एडिटर वापरतोय, जुनं व्हर्जन आहे, आणि सवयीने सेव्हसाठी कंट्रोल+एस दाबलं गेलं की स्क्रीन जागच्या जागी गार. आधी वाटलं लोकलमधे मुलुंडच्या पुढे नेट गेलं, पण ऑफिसच्या वायफायवरही तेच. मग सेव्हला कंट्रोल+शिफ्ट+एस मॅप केलं, तेही तसंच. कंट्रोल+आयला भलतंच काही लावलं तर टॅबची पार वाट लागली. साध्या एडिटरमधे हे सगळं नीट चालतं. कीबोर्ड गंडलाय का?

कर्सर_गायब:
कीबोर्ड ठणठणीत आहे भावा. कंट्रोल+क्यू दाब, मधे जे बडवलंस ते एकदम उमटेल. कंट्रोल+एस म्हणजे आउटपुट थांबव, क्यू म्हणजे चालू कर, ही टेलिटाइपच्या जमान्यातली खूण, ती विमपर्यंत पोचायच्या आधीच टर्मिनल ड्रायव्हर (सिस्टिममधला टर्मिनल सांभाळणारा भाग) गिळतो. बॅशआरसीमधे (बॅश हे शेल सुरू होताना वाचतं ती फाइल) टाक: एसटीटीवाय, स्पेस, मायनस आयएक्सऑन (stty -ixon), म्हणजे ही खूण बंद. नवीन विममधे हा त्रास नाही.

आळशी_अ‍ॅडमिन:
शिफ्टचं आणि टॅबचं दुखणं वेगळं आहे. टर्मिनल बटणं पाठवतच नाही, बाइट, म्हणजे नुसता आकडा पाठवतं. कंट्रोल+अक्षर म्हणजे बाराखडीतला नाही, एबीसीडीतला नंबर: आय नववं, टॅबचा कोडही ९. एम तेरावं, एंटरही १३. एस १९, आणि शिफ्ट दाबलंस तरी १९च, मग विमने ओळखायचं कसं? बॅशमधे कंट्रोल+व्ही दाबून एंटर मार, मग परत कंट्रोल+व्ही आणि कंट्रोल+एम, दोन्हीला टोपीवाला एमच (^M) दिसेल.

किटीसारखी नवी टर्मिनल ह्या बटणांना वेगळे कोड पाठवू शकतात, पण एडिटरलाही ते कळायला हवेत आणि मधे टीमक्स (एका टर्मिनलमधे अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर त्यालाही. माझं ऐकशील तर एवढी उठाठेव नको, स्पेसला लीडर (विममधल्या स्वतःच्या शॉर्टकटचं पहिलं बटण) कर आणि स्पेस-डब्ल्यूला सेव्ह लाव, कुठल्याही सर्व्हरवर चालतं.

ठाणे_स्लो:
कंट्रोल+क्यूने सुटलं, मानलं! पण सर्व्हर सगळ्या टीमचा आहे, ती ओळ टाकली तर बाकीचे बोंबलतील का?

कर्सर_गायब:
छे, बॅशआरसी तुझ्या होममधली, बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. फक्त शेल इंटरॅक्टिव्ह असेल, म्हणजे समोर माणूस टाइप करत असेल, तरच ती ओळ चालेल अशी अट घाल, नाहीतर एखादी स्क्रिप्ट एसएसएचवरून कमांड चालवेल आणि लॉगमधे एसटीटीवायची कुरकुर दिसेल, मग अ‍ॅडमिनसाहेब तुला शोधत येतील.

आळशी_अ‍ॅडमिन:
येणारच.