मदत हवी आहे: ग्रेडियसमध्ये मेल्यावर रिकाम्या हाताने पुढे कसं जायचं?

मंडळी, जुने आडवे सरकणारे स्पेस शूटर मनापासून खेळणाऱ्यांकडून मदत हवी आहे. गेम: कोनामीचा ग्रेडियस, १९८५ चा मूळ आर्केड अवतार. अडलेय तिसऱ्या लेव्हलला, मोआई पुतळ्यांच्या.

तिथपर्यंत मी नीट पोचते. व्हिक वायपरला (म्हणजे आपल्या यानाला) मिसाइल, लेझर, दोन-तीन ऑप्शन (यानामागोमाग फिरत सोबत गोळ्या झाडणारे गोळे) लागलेले असतात आणि समोर काही टिकत नाही. मग एखाद्या पुतळ्याच्या तोंडातून सुटलेलं कडं लागतं आणि सगळं जातं. चेकपॉइंटवर परत येते ती साधी गोळी आणि रेंगाळणारं यान घेऊन. उरलेली यानंही मग तिथेच संपतात.

माझ्याकडच्या आवृत्तीत रिवाइंडची (खेळ थोडा मागे नेऊन पुन्हा खेळण्याची) सोय आहे, पण ती वापरून पुढे सरकायचं नाहीये. का ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना माझी अडचण नेमकी कळेल.

या गेम्समध्ये पडदा आपल्यासाठी थांबत नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं. १९८१ च्या डिफेंडरमध्ये दोन्ही दिशांना उडता येतं, वर छोटा नकाशा असतो, कुठे जायचं ते आपण ठरवतो. त्याच वर्षीच्या स्क्रॅम्बलने ती मोकळीक काढून घेतली. जमीन स्वतःच्या गतीने सरकत राहते, इंधन उतरत राहतं, खालच्या टाक्या फोडल्या तरच ते भरतं. शिवाय बाजूने बघत असल्यामुळे वर छत आणि खाली जमीन येते, त्यामुळे नुसती नेमबाजी पुरत नाही, जागा शोधावी लागते. आर-टाइपची (आयरेम, १९८७) तिसरी लेव्हल आठवा: अख्खी लेव्हल म्हणजे एकच अवाढव्य युद्धनौका, आणि आपण तिच्या अंगाला लागून फिरत एकेक तोफ निकामी करतो. शत्रू हाच तिथे भूगोल आहे! इतकी देखणी लेव्हल मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि सगळं ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी येतं. ‘हे नुसतं पाठांतर’ म्हणून काही जण नाक मुरडतात, ते मला पटत नाही. गाण्याची चाल गळ्यात बसावी तसा मार्ग हळूहळू बोटांत बसतो, आणि आधी अशक्य वाटलेल्या फटीतून यान सहज निघून जातं. रिवाइंडने मी पुढे जाईन, पण मार्ग बोटांत बसणार नाही.

तर विचारायचं असं की मेल्यावर मिळणाऱ्या पहिल्या कॅप्सूल (शत्रू फोडल्यावर सुटणाऱ्या, ज्या देऊन शस्त्रं घेता येतात) कशावर खर्च कराव्यात? कुठले पुतळे फोडायचे आणि कुठले सोडून द्यायचे? आणि आपण जितके सशस्त्र होतो तितका गेम कठीण होतो हे खरं आहे का?

प्रतिसाद

ताई, शेवटचं आधी. हो, खरं आहे. शस्त्रं वाढत जातात तसे शत्रू जास्त गोळ्या झाडतात. यान गेलं की तो ताण उतरतो, म्हणून मेल्यानंतरचा थोडा वेळ वाटतो तितका वाईट नसतो.

पहिली कॅप्सूल स्पीड अपवर, दुसरा विचारच नको. त्या रेंगाळत्या यानाने कडी चुकवणं जवळजवळ अशक्य आहे. पुढची सगळी गडबड होते ती ऑप्शनच्या मोहाने. मीटरवर, म्हणजे दर कॅप्सूलला एक घर पुढे सरकणाऱ्या शस्त्रांच्या पट्टीवर, तो पाचवा, तिथवर कॅप्सूल साठवेपर्यंत माणूस नि:शस्त्र फिरतो. मी या लेव्हलला ‘डबल’ हे शस्त्र घेतो. लेझरपुढे त्याला कुणी विचारत नाही, पण एक गोळी तिरकी वर जाते आणि वरच्या बाजूचे पुतळे तिच्या टप्प्यात येतात. लेझर पुढे कधीही घेता येतो.

पुतळ्यांचं मर्म तोंडात आहे, बाकी कुठेही मारलं तरी गोळ्या वाया. त्यांचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही बघा. आपल्याकडे तोंड असलेले आधी फोडायचे. पाठ करून असलेले आपण पुढे गेल्यावर मागून मारतात, तेव्हा त्यांच्या रेषेत रेंगाळायचं नाही. कडी गोळीने फुटतात, त्यामुळे घेरलं गेल्यावर पळण्यापेक्षा समोरची फोडून वाट काढलेली बरी. निळी कॅप्सूल मिळाली तर पडद्यावरचे शत्रू साफ होतात, ती कुठे येते ते लक्षात ठेवा.

रिवाइंडबद्दल तुमच्याशी सहमत आहे, पण सेव्ह वेगळं. मेल्यावर चेकपॉइंटला उभं राहताच सेव्ह करा आणि फक्त तेवढाच तुकडा घोटा. तो बसला की सेव्हला हात न लावता पहिल्यापासून खेळा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. बटण दाबणं आणि यान हलणं यात किंचित उशीर असला तरी अशा जागी जीव जातो.

धागाकर्ती

तोंडाच्या दिशेचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार! आजपासून तेवढाच तुकडा घेते. आणखी एक: भाच्याला हा प्रकार दाखवायचाय, पण सगळं हिसकावून घेणाऱ्या गेमने सुरुवात नको. काय द्यावं?

प्रतिसाद

थंडर फोर्स ३ द्या, सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवरचा, १९९० चा. मेल्यावर हातात असलेलं शस्त्रच तेवढं जातं, बाकीची राहतात. यानाचा वेगही बटणाने बदलता येतो, आणि सुरुवात कुठल्या ग्रहापासून करायची ते आपण निवडायचं. मुलांना हे निवडणं फार आवडतं. मरण समोर दिसलं की पटकन साध्या शस्त्रावर जायचं, म्हणजे चांगलं शस्त्र वाचतं. ही युक्ती मात्र त्याला सांगू नका, त्याची त्याला सापडू दे.

दोघांनी मिळून खेळायचं असेल तर सॅलमँडर (१९८६). यान फुटल्यावर सुटे झालेले ऑप्शन परत गोळा करता येतात.