टेक्सासहून न्यू जर्सीला, सामानात पिस्तूल

शैलेश (डॅलस):
मंडळी, नमस्कार. जूनमध्ये आम्ही एडिसनला येतोय. शाळांची माहिती दिलीत, आभार. आता एक आडवा प्रश्न. मी सिटिझन आहे, माझ्याकडे पिस्तूल आहे. टेक्सासमध्ये २०२१ पासून ते बाळगायला परवाना लागत नाही. ऑफिसातला एकजण म्हणतो, न्यू जर्सीत असा फिरलास तर आत जाशील. अहो, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती अख्ख्या देशाची आहे ना? मग राज्य मध्ये पडणारं कोण?

वसंतकाका (प्रिन्स्टन):
शैलेश, तुझा सहकारी बरोबर सांगतोय. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा कॅरी परमिट (पिस्तूल जवळ बाळगून फिरायचा परवाना) मानत नाही, आणि विनापरवाना पिस्तूल जवळ सापडलं तर ५ ते १० वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे. आणताना पिस्तूल रिकामं, कुलूपबंद डब्यात, डिकीत. इथले नियम आधी वकिलाला विचारून घे, ग्रुपवर नव्हे.

पण ‘राज्य कोण?’ हे तू १८३३ साली विचारलं असतंस, तर उत्तर मिळालं असतं: राज्याला वाटेल ते करता येईल! बाल्टिमोरमध्ये बॅरन नावाच्या माणसाचा जहाजं लागायचा धक्का होता. शहराने रस्त्यांची कामं काढताना ओढ्यांचे प्रवाह वळवले, धक्क्यापाशी वाळू साचली, जहाजं लागेनाशी झाली. तो पाचव्या दुरुस्तीखाली भरपाई मागायला गेला. मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी सांगितलं, घटनादुरुस्त्यांतले हे हक्क फक्त केंद्र सरकारला बांधतात, राज्यांना आणि त्यांच्या शहरांना नाही. बिचाऱ्याचा धक्काही गेला आणि खटलाही.

यादवी युद्धानंतर मिसिसिपीने कायदा केला, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. असल्या कायद्यांना आळा घालायला १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली: कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणत्याही राज्याने कुणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावू नये. कागदावर झकास. पण १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं आणि त्यांचे हक्क, शस्त्राचाही, हिरावल्याचा आरोपींवरचा खटला वर गेला, तेव्हा १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की दुसरी दुरुस्ती केवळ काँग्रेसवर, म्हणजे केंद्राच्या संसदेवर, बंधन घालते. मला हा निकाल आजही लाजिरवाणा वाटतो.

पुढे एकेक हक्क सुटा सुटा राज्यांवर लागू होत गेला. भाषणस्वातंत्र्य १९२५ मध्ये, गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील १९६३ मध्ये. बंदूक रांगेत जवळजवळ शेवटी. घरात पिस्तूल ठेवायचा हक्क सुप्रीम कोर्टाने मान्य केला तो २००८ चा हेलर खटला वॉशिंग्टन डी. सी. चा होता, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला, त्यामुळे राज्यांचा प्रश्न तसाच राहिला. तो सुटला २०१० मध्ये. शिकागोच्या ओटिस मॅक्डोनाल्ड या सत्तरीतल्या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या घरात वारंवार चोऱ्या होत होत्या आणि शहरात १९८२ पासून नवं पिस्तूल ठेवायला जवळपास बंदीच होती. ५ विरुद्ध ४ मतांनी ते जिंकले. ते मूळचे लुइझियानाचे, हा योगायोग मला विसरता येत नाही.

म्हणजे हक्क राज्यावर लागू आहे, शैलेश. पण त्याचा अर्थ टेक्सासचा नियम न्यू जर्सीत चालेल असा होत नाही. परवाना लावायचा अधिकार राज्याकडे आहेच. फक्त ‘तुला खास गरज आहे हे सिद्ध कर’ ही अट सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने गेली. न्यू जर्सीने त्याच डिसेंबरात नवा कायदा करून शाळा, उद्यानं, बार अशा जागी बंदुकीला बंदी घातली. त्यावर लगेच कोर्टबाजी सुरू झाली.

केतकी (जर्सी सिटी):
काका, मस्त. पण आपल्याकडे भारतात ही एकेक हक्काची मारामारी कधी ऐकली नाही. आणि आम्ही एच-वन-बीवाले, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे, यात कुठे बसतो?

वसंतकाका:
केतकी, आपल्याकडे तो प्रश्न कलम १२ ने पहिल्याच दिवशी मिटवला. मूलभूत हक्कांपुरती ‘राज्य’ म्हणजे केंद्र, प्रत्येक राज्याचं सरकार, विधिमंडळ आणि महापालिकेसारख्या स्थानिक संस्थासुद्धा. बॅरन मुंबईचा असता तर त्याचं भांडण थेट महापालिकेशी लागलं असतं. शस्त्राचा हक्क मात्र आपण घेतलाच नाही. काँग्रेस पक्षाच्या १९३१ च्या कराची ठरावात तो होता, म्हणून हरी विष्णू कामतांनी १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती बारगळली.

एच-वन-बीवर असताना केंद्रीय कायद्यानेच बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद, असे थोडेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. तेव्हा शैलेशच्या नव्या घरी व्हिसावरचा पाहुणा येणार असेल, तर ‘जरा धरून बघ’ म्हणून पिस्तूल त्याच्या हातात देऊ नये.

शैलेश:
काका, धन्यवाद. पिस्तूल तूर्तास डॅलसला मोठ्या भावाकडे ठेवतोय. तो सिटिझन आहे, हे आधीच सांगून टाकतो.