विषय: मंडळाचा कॉम्प्युटर चालू होत नाही (प्रोसेसर बदलल्यापासून)

मंदार, मिसिसागा
शनिवार, ३ जानेवारी २०२६, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार.

आधी कबुली देतो. मंडळाचा कॉम्प्युटर आज माझ्या हातून आडवा झालाय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, हे मीटिंगमध्ये बोलणं झालंच होतं. आपल्या मशिनमधला रायझन ५ २४००जी प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत बसत नाही. नवीन मशिन कशाला, नुसता प्रोसेसर बदलू, मदरबोर्ड तोच राहील, मंडळाचे पैसे वाचतील, असं तेव्हा मीच मोठ्या तोंडाने म्हणालो होतो. बॉक्सिंग डेच्या सेलमध्ये रायझन ५ ५६०० मिळाला. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, तोच, एएम४. आज दुपारी व्हिडिओ बघून बसवला.

आता बटण दाबलं की पंखे जोरात फिरतात आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणून झोपी जातो. बाकी काही नाही, बीपसुद्धा नाही. रॅम दोनदा काढून घातली.

सभासदांची यादी, हळदीकुंकवाची नोंदणी आणि गणपतीतल्या एकांकिकांचं रेकॉर्डिंग त्यातच आहे. १७ तारखेला संक्रांतीचा कार्यक्रम. कोणाला काही सुचतंय का?

मंदार

अरुणकाका, स्कारबरो
रविवार, ४ जानेवारी, सकाळी ६:१५

चि. मंदार,

घाबरू नकोस. तू डिस्कला हात लावलेला नाहीस, म्हणजे यादी आहे तिथेच आहे.

प्रोसेसरजवळ आठ पिनांचं एक वेगळं पॉवर कनेक्शन असतं. कूलर काढताना लोक ते उपटतात आणि परत लावायला विसरतात. पंखे फिरतात, त्यामुळे पॉवर आहे असंच वाटतं. ते आधी बघ. मग प्लग काढून बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेव, म्हणजे जुनी सेटिंग्ज पुसली जातील.

लॅमिंग्टन रोडवरून पेंटियम आणून मी गिरगावातल्या घरी ओट्यावर बसवायचो. तेव्हा सॉकेट ७ च्या बोर्डावर बस स्पीडचा जंपर वेगळा, मल्टिप्लायरचा वेगळा, व्होल्टेजचा तिसरा. ही म्हणायची, आधी पोळ्या होऊ देत. तुमचं बरं आहे, जंपर गेले. पण स्टॅटिक गेलेलं नाही. बाहेर कडाका, घरात हीटर, खाली कार्पेट आणि पायात लोकरीचे मोजे, असा बसून काम करू नकोस. आधी केसच्या धातूला हात लाव.

अरुणकाका

नीलिमा, ब्रॅम्प्टन
रविवार, ४ जानेवारी, सकाळी ९:०२

यादी गेली म्हणजे माझी तिळगुळाची ऑर्डर पण गेली का? दोन किलो होती. गुळाच्या पोळ्या वेगळ्या.

शिल्पा, वॉटर्लू
रविवार, ४ जानेवारी, सकाळी १०:३०

मंदार, काकांनी सांगितलेलं करून घे, पण मला वाटतं गोची दुसरीकडे आहे. तीन गोष्टी सांग.

एक, मॉनिटरची केबल कुठे लावली आहेस? मागे यूएसबीच्या शेजारी, म्हणजे थेट मदरबोर्डला? दोन, बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला कुठला लागून राहतो? तीन, बायोस, म्हणजे बोर्डाला चालू करणारं त्याच्यातलंच सॉफ्टवेअर, शेवटचं कधी अपडेट केलं होतं?

नीलिमाताई, तुझी ऑर्डर सुखरूप आहे.

मंदार
रविवार, ४ जानेवारी, दुपारी १२:१०

केबल मदरबोर्डलाच आहे, पहिल्यापासून तिथेच होती. दिवा सीपीयूचा. बायोस कधीच नाही. बोर्ड २०१८ चा आहे, बी४५०. काकांची आठ पिनांची वायर जागेवर आहे.

अजून एक, काल लिहायची लाज वाटली. कूलर ओढला तेव्हा जुना प्रोसेसर त्याला चिकटूनच वर आला. सॉकेटची दांडी खाली लॉक केलेलीच होती. कोपऱ्यातली एक पिन किंचित वाकलीये.

शिल्पा
रविवार, ४ जानेवारी, दुपारी १:४५

तुझ्याकडे एक नाही, दोन अडचणी आहेत आणि दोन्हींचं लक्षण एकच, काळा पडदा. म्हणून घोळ झाला.

पहिली. सॉकेट तोच असला म्हणून बोर्ड प्रोसेसरला ओळखतोच असं नाही. ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. २०१८ च्या बायोसला त्याची काय ओळख असणार? म्हणून सीपीयूचा दिवा. गंमत म्हणजे तुझा २४००जी २०१८ मध्ये आला तेव्हाही हेच झालं होतं. २०१७ चे बोर्ड त्याला ओळखत नव्हते, तेव्हा रायझन बनवणारी एएमडी कंपनी लोकांना एक साधा प्रोसेसर उसना पाठवायची. बायोस अपडेट करा आणि परत द्या.

दुसरी. २४००जी मधला 'जी' म्हणजे आत ग्राफिक्स आहे. ५६०० मध्ये ते नाही. बायोस कितीही नवं केलंस तरी मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून काही दिसणार नाही. एकतर ५६००जी हवा होता किंवा ग्राफिक्स कार्ड हवं.

आता उपाय. जुना प्रोसेसर परत बसवायचा आणि त्याच्यावर बायोस अपडेट करायचं. काही बोर्डांना प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस घेणारं बटण असतं, तुझ्या मॉडेलला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघ. नसेल तर पिन सरळ करावी लागेल. मुलांच्या लेड पेन्सिलमधलं शिसं काढून टाक, टोकाची नळी पिनेवर अलगद चढव आणि शेजारच्या रांगेशी समांतर येईपर्यंत अगदी थोडं थोडं वळव. पुढे-मागे करत बसू नकोस, तुटते. १३३१ पिना असतात. त्यातली तुझी नेमकी बिनमहत्त्वाची निघेल यावर विसंबू नये. बसवताना प्रोसेसर आपल्या वजनानं सॉकेटमध्ये उतरला पाहिजे. दाबावा लागला तर थांब.

आणि पुढच्या वेळी कूलर काढण्याआधी मशिन दहा मिनिटं चालव. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम झाली की मऊ पडते. मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिरगाळायचा आणि नंतर उचलायचा. सरळ ओढायचा नाही.

बायोस घेताना बोर्डाच्या पानावर त्या-त्या आवृत्तीखालच्या टिपा वाच. काही बोर्डांवर एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक टाकावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं: डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेलं आहे का? असेल तर आधी ते सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं बंद, कर.

लिस्ट व्यवस्थापन
रविवार, ४ जानेवारी, दुपारी २:२०

सर्वांना नम्र विनंती: तिळगुळाच्या ऑर्डरी या धाग्यात पाठवू नयेत. गेल्या तासाभरात सहा आल्या आहेत.

अरुणकाका
रविवार, ४ जानेवारी, दुपारी ३:०५

शिल्पा, शाब्बास. केबल कुठे आहे हे मी विचारायला हवं होतं.

मंदार, माझ्याकडे जीटी १०३० पडून आहे. ३० वॉटचं कार्ड, त्याला वेगळी पॉवर लागत नाही, स्लॉटमध्ये खोचलं की झालं. संध्याकाळी घेऊन जा. जेवूनच जा.

मंदार
सोमवार, ५ जानेवारी, रात्री १:५०

पिन सरळ झाली! जुना प्रोसेसर बसला, विंडोज आलं. बिटलॉकर होतंच, सुहासदादांनी कार्यवाह असताना लावलेलं. सस्पेंड केलं. बायोस अपडेट केलं. सगळं नीट आहे ना म्हणून एकदा विंडोज चालू करून बघितलं, यादी बघितली, जीव भांड्यात पडला. मग बंद करून नवा प्रोसेसर आणि काकांचं कार्ड लावलं.

चित्र आलं! आणि खाली इंग्रजीत काहीतरी लांबलचक. नवीन सीपीयू, एफटीपीएम बदललंय, वाय दाबा किंवा एन दाबा. दीड वाजला होता. वाय दाबलं.

आता निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय.

शिल्पा
सोमवार, ५ जानेवारी, सकाळी ७:५५

अरे देवा. एफटीपीएम म्हणजे बिटलॉकरच्या किल्ल्या सांभाळणारी प्रोसेसरमधली तिजोरी. त्या लांबलचक मजकुरात लिहिलेलं असतं की एन दाबलंत तर जुनी नोंद राहील आणि जुना प्रोसेसर परत लावून तुमच्या किल्ल्या वाचवता येतील. वाय म्हणजे ती नोंद पुसली. आता जुना प्रोसेसर लावूनही उपयोग नाही.

पण सस्पेंड केलं होतंस तर की मागायला नको होती. म्हणजे मधे विंडोज चालू करून बघितलंस तिथे माशी शिंकली. कंट्रोल पॅनेलमधून केलेलं सस्पेंड एका रीबूटपुरतंच असतं, पुढच्या वेळी विंडोज आलं की ते आपोआप परत लागतं. कमांड लिहून केलं आणि रीबूटचा आकडा शून्य दिला, तर आपण स्वतः चालू करेपर्यंत बंद राहतं. हे मी सांगायला हवं होतं, माझीही चूक.

४८ आकड्यांना पर्याय नाही. अंदाजानं टाकत बसू नकोस. बिटलॉकर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून लावलं, बहुतेक त्याच खात्यात की साठवलेली असेल. सुहासदादा अजून लिस्टवर आहेत का?

सुहास, कोथरूड, पुणे
सोमवार, ५ जानेवारी, सकाळी ८:४०

आहे, आहे. परत येऊन दोन वर्षं झाली, पण लिस्ट सुटत नाही. इथे संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत, भाजी निवडत धागा वाचत होतो.

माझ्या खात्यात दोन कीज दिसतायत. एक माझ्या जुन्या लॅपटॉपची असावी. मंदार, निळ्या पडद्यावर की आयडी लिहिलेला असेल, त्याची पहिली आठ अक्षरं मला सांग. जुळली की पाठवतो. पण की लिस्टवर टाकणार नाही, फोन कर. सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत, मी वाचतो, तू टाईप कर. वरणाला फोडणी द्यायच्या आत कर.

मंदार
सोमवार, ५ जानेवारी, सकाळी ९:३५

चालू झालं. यादी आहे, नोंदणी आहे, एकांकिका आहेत. चौथ्या गटात दादा 'एकोणसाठ' म्हणाले आणि मी एकोणसत्तर टाकलं, तेवढाच एक खोडा.

की कागदावर लिहून खजिनदारांकडच्या फाइलमध्ये ठेवतोय आणि मंडळाच्या नावाचं वेगळं खातं उघडतोय. आज सगळ्याचा बॅकअप, विंडोज ११ शनिवारी. त्याआधी कोणी मला पेचकस देऊ नका.

शिल्पा, एक शंका. गणपतीचं लाइव्ह या कार्डावर होईल ना?

शिल्पा
सोमवार, ५ जानेवारी, सकाळी ११:१५

होईल, पण जीटी १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोडर नाही. ओबीएसमध्ये, म्हणजे लाइव्ह करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एन्कोडर म्हणून एक्स२६४ निवड, म्हणजे काम प्रोसेसर करेल. सहा कोअर आहेत, ७२०पी तर आरामात.

अरुणकाका
सोमवार, ५ जानेवारी, दुपारी १२:००

कार्ड परत करायची घाई नाही, मंडळालाच ठेवा. फक्त हळदीकुंकवाच्या यादीत आमच्याकडची दोन नावं वाढव. सूनबाई आणि तिची आई, दोघी येणार आहेत. आणि तो जुना २४००जी टाकून देऊ नकोस, नातवाला उघडून दाखवायचाय.