मदत हवी आहे: एमआरआयचं टूल दुसऱ्या लॅबला कसं शिकवावं?
आमच्या ग्रुपने डिफ्यूजन एमआरआयसाठी (पाण्याच्या हालचालीवरून मेंदूतले तंतू दाखवणारा स्कॅन) एक टूल लिहिलंय, ते आता दुसऱ्या लॅबमधल्या नवीन रिसर्चर्सना शिकवायचंय. माझ्या मशीनवर नीट चालतं, पण त्यांच्याकडे डायकॉमचं (स्कॅनरमधून येणारी मूळ फाइल) निफ्टीत (रिसर्चमध्ये वापरतात तो फाइल फॉरमॅट) कन्व्हर्ट केलं की ग्रेडियंटची (स्कॅनमध्ये ज्या दिशांनी मोजमाप होतं त्यांची) एक दिशा उलटी येते आणि मेंदूतले तंतू भलतीकडेच वळतात, कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा तंतूंचा पट्टा) तर मधेच तुटल्यासारखा दिसतो. एरर काहीच येत नाही, हेच जास्त घातक वाटतं मला. डॉकरमध्ये (टूल आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून देणारं सॉफ्टवेअर) पॅक करून द्यावं की आधी बिड्स फॉरमॅट (स्कॅनच्या फाइल्स मांडायची ठरावीक पद्धत) शिकवावा? आणि सरावाला डेटा कुठला देता? फाइलच्या हेडरमधून (स्कॅनची माहिती असलेला भाग) पेशंटचं नाव काढलं तरी डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा परत बनवता येतो, म्हणून आमचे स्कॅन द्यायला मन धजत नाही. कुणी असं ट्रेनिंग दिलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.