मदत हवी आहे: सातवीच्या दोन तुकड्यांमधली तेढ कशी कमी करू?

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत सातवीच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या आहेत आणि क्रीडा महोत्सवात फिरती ढाल एकच. दरवर्षी कबड्डी-खोखोला वातावरण तापतं, पण यंदा ते मैदानापुरतं राहिलं नाही. बाकावर ‘ब वाले चीटर’ असं कर्कटकाने कोरलंय. एकाच वाडीतून चालत येणाऱ्या दोन मैत्रिणी आता डबा वेगवेगळा खातात. हे मला फार लागलं.

१९५४ साली मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात हेच पाहिलं होतं. साधारण अकरा वर्षांची, सारख्याच घरांतली २२ मुलं. दोन गट करून बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या, तर शिवीगाळ, झेंडे जाळणं, खोल्यांवर छापे! नुसतं एकत्र जेवायला बसवल्यावर अन्नाची फेकाफेक झाली. पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक दोरीने ओढावा लागला, अशी कामं मिळून केल्यावर मात्र वैर हळूहळू निवळलं. म्हणून ‘सगळ्यांची सहल काढा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो.

एकमेकांशिवाय पूर्णच होणार नाही असं कोणतं काम मुलांना देता येईल? परसबाग डोक्यात आहे, पण वाफेसुद्धा तुकडीवार वाटून घेतील अशी भीती वाटते. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवायचा, ही मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांची पद्धत मराठी माध्यमाच्या भरलेल्या वर्गात कुणी वापरली आहे का? आणि ढाल यंदा बंद करावी, की संघच मिसळावेत? पालकही आता बाजू घेऊ लागलेत, त्यांच्याशी कसं बोलू?