मित्रोविच म्हणे 'वाया गेला'!

डावखुरा_नेरूळ
परवा इथेच एकाने सर्बियाच्या स्ट्रायकर मित्रोविचबद्दल ठोकून दिलं होतं: "मित्रोविच म्हणजे खालच्या डिव्हिजनचा वाघ, वरच्या लीगमध्ये शेळी. अठ्ठाविसाव्या वर्षी पैसे दिसल्यावर सौदीला पळाला. वाया गेलेलं करियर." त्यावर चाळीस लाइक. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

२०२१-२२ ला याने फुलहॅमसाठी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, ४४ सामन्यांत ४३ गोल मारले. आधीचा ४२ चा विक्रम १९९२-९३ चा, म्हणजे जवळपास तीस वर्षं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. आणि शेळी कुठली? पुढच्याच मोसमात प्रीमियर लीगमध्ये २४ सामन्यांत १४ गोल, फुलहॅम दहावा. २०२०-२१ ला हाच माणूस, हेच डोकं, हेच खांदे, आणि गोल फक्त ३. मधे बदललं काय? कोच. पार्करला हा नकोसा होता. मार्को सिल्वाने दोन्ही कडेने बॉक्समध्ये बॉल टाकायला लावले. या माणसाला बॉल पायात नको, हवेत द्या आणि बाजूला व्हा.

२०२३ च्या नोव्हेंबरात डी. वाय. पाटीलला याची सौदी टीम अल-हिलाल मुंबई सिटीशी खेळायला आली तेव्हा मी गोलमागे बसलो होतो. तिकीट काढलं नेमारसाठी, तो गुडघा घेऊन आधीच घरी बसलेला. मग म्हटलं, यालाच बघू. पाऊण तास हा माणूस धावतच नव्हता. दोन स्टॉपरांच्या (मधल्या बचावपटूंच्या) मधे उभा, एक हात मागे, पाठीने चाचपत. बॉल कडेला गेला की आधी एक पाऊल मागे, म्हणजे स्टॉपर पुढे सरकतो, मग हा त्याच्या पाठीमागून निघतो. टीव्हीवर हे दिसतच नाही, कॅमेरा बॉलमागे. ८५व्या मिनिटाला त्याने मारलाच, २-० झाले. त्याच्या दोनच आठवडे आधी रियाधला मुंबई सिटीला ६-० धुतलं होतं, त्यात याची हॅट्रिक.

सदाशिव_गनर
ते लिहिणारा मीच. नाव घ्यायला लाजू नका.

४३ गोल कुठे? दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. आमच्या गल्लीत एक जण टेनिस बॉलवर दर रविवारी शतक मारायचा, त्याला कुणी रणजीत घेतला नाही. न्यूकॅसलने घेतला, संघ खाली गेला, कोच बेनितेझने बाजूला ठेवला. फुलहॅम वर गेला की हाही वर, खाली गेला की हाही खाली, असं दोनदा. आणि तुमच्या त्या १४ गोलांच्या सोन्याच्या मोसमात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डला एफए कपच्या क्वार्टर फायनलमध्ये संघ १-० ने पुढे असताना रेफ्रीला ढकललं. ८ सामन्यांची बंदी. सामना ३-१ ने घालवला. ते सोयीस्कर विसरलात.

सर्बियन करियर बघायचं तर बचावपटू विदिच बघा. युनायटेडकडे पाच लीग आणि २००८ ची चॅम्पियन्स लीग. याला म्हणतात करियर.

ऱ्हस्वदीर्घ
विषय बाजूला, पण आधीच्या धाग्यात लोक 'मिट्रोविक' लिहीत होते ते बघून चहा कडू झाला. सर्बियनमधला त दंत्य आहे, म्हणजे 'मित्र'मधला त. शेवटचा च 'चहा'तला, 'चमचा'तला नव्हे. त्यांची लिपी आपल्यासारखीच जसं बोलाल तसं लिहा अशी, वूक काराजिचने एकोणिसाव्या शतकात बसवून दिलेली. ते लोक बिचारे एवढं सोपं करून ठेवतात आणि आपण इंग्रजी कॉमेंटेटरचं ऐकून लिहितो. देवनागरी असताना!

सदाशिव_गनर
आजोबा, गोलांवर बोला.

ऱ्हस्वदीर्घ
मी एकेचाळीस वर्षांचा आहे.

दापोलीचा_पोर
मला फुटबॉलचं फार कळत नाही, धाकट्यामुळे बघतो. पण "पैसे दिसल्यावर सौदीला पळाला" हे वाक्य वाचून डोकं सटकलं. माझे वडील १९ वर्षं दम्मामला वेल्डर होते. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. दोन वर्षांनी एकदा यायचे, येताना सेंटची बाटली आणि घोंगडी. माझ्या बारशाला नव्हते, बहिणीच्या लग्नाला आले ते आदल्या रात्री. आमच्या वाडीतली निम्मी स्लॅबची घरं त्या पैशावर उभी आहेत. सदाशिव पेठेत बसून 'पैशासाठी गेला' म्हणायला काय जातं?

सदाशिव_गनर
तुमच्या वडिलांना नमस्कार, मनापासून. पण कुठली गोष्ट कुठे जोडताय? ते पोटासाठी गेले. हा प्रीमियर लीगमध्ये खेळत होता, उपाशी नव्हता. सुमारे ५ कोटी पौंडांची बोली लागते त्या माणसाला वेल्डरशेजारी बसवणं हा भावनिक ब्लॅकमेल आहे. आणि मी सदाशिव पेठेत राहत नाही, ते माझं नाव आहे.

दापोलीचा_पोर
ब्लॅकमेल? तुम्ही स्वतः आयटीत दर दोन वर्षांनी कंपनी बदलता ती कुठल्या ध्येयासाठी, तेही सांगा की.

सदाशिव_गनर
मी बँकेत आहे. बावीस वर्षं, एकाच.

दापोलीचा_पोर
म्हणूनच.

रुचिरा_रियाध
दोघंही थांबा जरा. मी इथे सात वर्षं नर्स आहे. दापोलीकर, खरं सांगू? तुमच्या बाबांची आणि मित्रोविचची सौदी एक नाही. मी ज्या बसने ड्यूटीला जाते त्यातल्या पोरांना विचारा. दोन्ही एका ताटात वाढले की फक्त मित्रोविचचंच ताट चमकतं.

पण सदाशिवराव, तुमचाही सूर मला पटत नाही. सौदी म्हणजे वाळूत बॉल लाथाडणं नव्हे. अल-हिलालकडे आशियातली चार विजेतेपदं आहेत, मित्रोविच यायच्या आधीची. सामन्याच्या दिवशी वॉर्डमध्ये पेशंट सलाइन धरून टीव्हीसमोर. आमच्या मजल्यावरचा क्लीनर नेपाळी, त्याला रोनाल्डोच्या संघाचं काही पडलेलं नाही, अल-हिलालचा निळा स्कार्फ घेऊन झोपतो. २०२३-२४ ला याने २८ लीग सामन्यांत २८ गोल मारले, अख्खा मोसम एकही हार न होता लीग जिंकली. ते गोल मोजायचे नाहीत का? की गोलही युरोपचा व्हिसा लागल्यावरच गोल?

सदाशिव_गनर
मोजा, खुशाल मोजा. मग तेवढ्या फॉर्ममध्ये जर्मनीला गेला ना २०२४ च्या युरोला, युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला? तीन सामने, गोल शून्य, सर्बिया गटात शेवटचा. सोप्या लीगमध्ये वर्षभर राहिलं की हेच होतं.

डावखुरा_नेरूळ
अहो तो आख्खा संघच झोपला होता, तीन सामन्यांत एक गोल, तोही योविचचा! आणि देशासाठीचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२० ला बेलग्रेडमध्ये स्कॉटलंडविरुद्ध शूटआउटमध्ये याचीच पेनल्टी अडली आणि युरो गेला. दुसरा कुणी आयुष्यभर तोंड लपवून बसला असता. बरोबर वर्षाने लिस्बनला, ९०व्या मिनिटाला, तादिचचा क्रॉस आणि याचं डोकं. पोर्तुगाल प्लेऑफला, सर्बिया थेट वर्ल्ड कपला. सर्बियासाठी याच्याहून जास्त गोल कुणाचे नाहीत. विदिचला ट्रॉफ्या मिळाल्या कारण तो युनायटेडला कोच फर्ग्युसनच्या संघात होता. ह्याला फुलहॅम मिळालं.

हां, रेफ्रीचं मान्य. तो मूर्खपणा होता, सिल्वासुद्धा त्याच मिनिटांत बाहेर गेला. आणि अल-हिलालने दुसरा स्ट्रायकर नून्येझ आणल्यावर २०२५ ला हा कतारला अल-रय्यानकडे गेला, तेव्हा मलाही वाटलं, एक वर्ष फुलहॅमला परत आला असता तर. वाटलं एवढंच.

सदाशिव_गनर
चला, तीन दिवसांत एक वाक्य मान्य. माझ्याकडून लिस्बनचा हेडर घ्या, तो मीही उभं राहून बघितला होता. 'शेळी' मागे घेतो. 'बोकड' ठेवतो.

ऱ्हस्वदीर्घ
'आख्खा' नाही, 'अख्खा'. रुचिराताईंनी बरोबर लिहिलंय.

दापोलीचा_पोर
ते चाळीस लाइक आता बेचाळीस झालेत. दोघे कोण आहेत ते कळलं तर सांगा.